आगकाडीचा त्रिकोण

आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी सांगाडे उभारले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. पुलाची कैची त्रिकोणीच का, हे मुलाच्या बोटांना आधी कळते. (व्याख्या नंतर आली तरी चालते!) या साऱ्याला सुशिक्षितांची हौस म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. १९७२ मध्ये १६ शाळांतून निघालेला हा कार्यक्रम पुढे जिल्हाभर पसरला; २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. गुप्तांची पुस्तके मात्र मराठीतही वाचली गेली. बालसाहित्याच्या इतिहासात त्यांना कोठे बसवावे, याविषयी आमच्यात अद्याप एकमत नाही.