‘मायर’ : एका जर्मन आडनावाची कुळकथा



आडनाव कानी पडताच समोरच्या माणसाची जात, गाव आणि कुळ ताडून मोकळे होण्याची खोड आपल्या समाजात फार जुनी आहे. अनेक वर्षे महाविद्यालयात हजेरीपट वाचताना ती मी जवळून पाहिली. नाव पुकारले की नव्या वर्गातल्या माना वळत आणि अंदाज बांधले जात. हे अंदाज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहण्यासाठी आजच्या स्मृतिव्याख्यानाला मी एक आडनाव निवडले आहे, आणि तेही मुद्दाम परके. आपल्यातले एखादे घेतले असते, तर निम्मे सभागृह वक्त्याला सोडून आपापल्या कुलवृत्तान्तात शिरले असते.

हे आडनाव म्हणजे ‘मायर’. जर्मन भाषेत ते पाच-सहा प्रकारांनी लिहितात. कोणी मध्ये ‘ई-आय’ घालतो, कोणी ‘ई-वाय’, कोणी ‘ए’ या अक्षराने आरंभ करून पुढे ‘आय’ किंवा ‘वाय’ जोडतो, तर बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडे शेवटच्या ‘र’च्या आधीचा स्वरही गाळतात. उच्चार मात्र सर्वांचा जवळजवळ एकच. त्यामुळे जर्मन माणूस आपले नाव ‘मायर’ असे सांगून थांबत नाही, ते कोणत्या अक्षरांनी लिहायचे हेही सांगतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे ‘अधिक मोठा’. लष्करातला मेजर, इंग्रजांचा मेयर आणि जर्मनांचा मायर हे तिघे एकाच घरचे भाऊ. त्यांपैकी मेयरला सावरकरांनी ‘महापौर’ हे नाव दिले. उरलेल्या दोघांना मराठी नाव देण्याच्या भरीस मी पडत नाही. फ्रँक राजांच्या दरबारी ‘मायोर डोमुस’ नावाचा अधिकारी असे. शब्दशः तो घरातला वडीलधारा, व्यवहारात राजवाड्याचा मुख्य कारभारी. पुढे राजे नामधारी झाले आणि सत्ता या कारभाऱ्यांकडे गेली. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. फरक एवढाच की, इ. स. ७५१ मध्ये पिपिन या कारभाऱ्याने राजाला मठात पाठवून मुकुट स्वतःच्या मस्तकी ठेवला. पेशव्यांनी तसे केले नाही.

आडनाव रुजले ते मात्र या बड्या कारभाऱ्यामुळे नव्हे, तर त्याच पदनामाच्या गावोगावच्या छोट्या अधिकाऱ्यांमुळे. राजाची, सरदाराची किंवा मठाची शेती ठिकठिकाणी पसरलेली असे. प्रत्येक वाडीवर धन्याचा एक कारभारी असे. कुळांकडून वेठ घेणे, धान्याचा वाटा गोळा करणे, किरकोळ तंटे ऐकणे ही त्याची कामे. आपल्या इंदुरात होळकरांची ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी होती. हा मायर म्हणजे खासगीकडचा माणूस, आणि त्यात थोडा पाटील व थोडा कुळकर्णी मिसळलेला. शार्लमेनच्या काळातील राजशेतीविषयक आज्ञापत्रात या अधिकाऱ्यांसंबंधी दोन मार्मिक नियम आहेत. एका दिवसात स्वतः फिरून पाहता येईल त्यापेक्षा अधिक क्षेत्र त्यांच्याकडे सोपवू नये, हा एक. दुसरा असा की, या जागी बलाढ्य माणसे नेमू नयेत, मध्यम स्थितीतली पण इमानी माणसे नेमावीत. राजवाड्यातल्या कारभाऱ्याने काय केले ते या घराण्याला पक्के ठाऊक होते, कारण ते स्वतःच त्या कारभाऱ्याचे वंशज!

बाराव्या-तेराव्या शतकांत ही व्यवस्था विस्कटू लागली. धनी स्वतः शेती करवून घेण्याऐवजी ती खंडाने देऊ लागले आणि अनेक ठिकाणी कालचा कारभारीच आजचा खंडकरी झाला. उत्तरेकडे, आजच्या लोअर सॅक्सनीत, ‘मायर’ हा शब्द पुढे खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यासाठीच रूढ झाला. नेमक्या याच काळात लोकांना पिढीजात आडनावे चिकटू लागली होती. जिथे वाडी तिथे मायर, आणि वाड्या तर असंख्य. मग एका मायरला दुसऱ्यापासून ओळखायचे कसे? वरच्या वाडीचा तो ओबरमायर, खालच्या वाडीचा तो नीडरमायर. १८७६ पासून सबंध जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि त्या दिवशी कारकुनाच्या लेखणीतून जे अक्षर उतरले तेच बहुधा पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आज स्वित्झर्लंडात हे नाव ‘म्युलर’च्या खालोखाल आढळते. जर्मनीत सगळी रूपे एकत्र धरली, तर ते अगदी वरच्या पंक्तीत बसते. फार प्रचलित नावाची अडचण आपल्या परिचयाच्या मॅक्स म्युलरनेही जाणली होती. गिरणीवाला या अर्थाचे ‘म्युलर’ इतके सर्वत्र पसरलेले की, त्याने ‘मॅक्स’ हे नाव आडनावालाच जोडून घेतले. ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर तर तो भट्ट मोक्षमूलर होऊन बसला.

मायरची कुळकथा इथेच संपली असती, तर ती पाटील-देशमुखांच्या कथेहून फारशी निराळी ठरली नसती. परंतु या नावाच्या प्रवाहात एक दुसरी नदी येऊन मिळाली आहे. हिब्रू भाषेत ‘मेईर’ हे पुरुषाचे नाव आहे. अर्थ ‘प्रकाश देणारा’, म्हणजे सरळ आपला प्रभाकर. दुसऱ्या शतकातील एका थोर धर्मपंडिताचे हे नाव. तेराव्या शतकात रोथेनबर्गचे रब्बी मेईर हे जर्मनीतील ज्यूंचे सर्वमान्य धर्मगुरू होते. सम्राटाने त्यांना कैदेत टाकले, १२९३ मध्ये ते कैदेतच वारले, आणि एका श्रद्धाळू ज्यूने खंडणी भरल्यावर १३०७ मध्ये त्यांचा देह वर्म्स येथे दफनासाठी मिळाला. जर्मन मुलखातील ज्यू आपल्या मुलांना हे नाव ठेवीत आणि जर्मन वळणाने ‘मायर’ असे लिहीत. रोथशील्ड पेढीचा मूळ पुरुष मायर आमशेल, त्याच्या नावातला मायर तो हाच.

ज्यूंमध्ये बापाचे नाव लावण्याची पद्धत होती, कायमचे आडनाव बहुतेकांना नव्हते. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने आणि १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांच्यावर कायम आडनाव घेण्याचे बंधन घातले. ज्याच्या बापाचे किंवा आजोबाचे नाव मेईर, त्याला आडनाव शोधायला दूर जाण्याचे कारणच नव्हते. ‘मायर’ लिहिले की ते जर्मनही होते आणि आपलेही. आपल्या कोकणातील बेने इस्रायल लोकांनी गावावरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे घेतली. दिवेकर चित्पावनही आहेत आणि बेने इस्रायलही. नुसत्या आडनावावरून त्यांतला कोण कोणता, हे सांगून दाखवावे!

जर्मनीत हा प्रश्न विनोदाचा राहिला नाही. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन मायरांपैकी एकाचा पूर्वज मठाच्या शेतीचा कारभारी आणि दुसऱ्याचा पूर्वज मेईर नावाचा ज्यू, हे त्या आडनावावरून ब्रह्मदेवालाही कळले नसते. नाझी राजवटीला मात्र ते कळणे आवश्यक होते. १७ ऑगस्ट १९३८ रोजी फर्मान निघाले की, ठरावीक यादीतले नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला ‘इस्राएल’ आणि स्त्रीने ‘सारा’ जोडावे. माझ्या मते त्या राजवटीच्या वंशसिद्धान्ताविरुद्ध तिनेच दिलेली ही साक्ष आहे. रक्त जर इतके निराळे होते, तर ते ओळखण्यासाठी कागदावर खूण का करावी लागली? ती खूण पुढे लाखो माणसांच्या मृत्यूच्या याद्यांत गेली.

‘तसे झाले तर माझे नाव मायर’ असा जर्मन भाषेत एक वाक्प्रचार आहे; आपण ‘नाव बदलीन’ म्हणतो तसा. शत्रूचे विमान जर्मनीवर आले तर मला मायर म्हणा, अशी बढाई विमानदलाचा प्रमुख गोरिंग याने मारल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. १९४० च्या ऑगस्टअखेर बर्लिनवर बॉम्ब पडले आणि लोक त्याला पाठीमागे मायर म्हणू लागले. हवाई हल्ल्याच्या भोंग्यालाही ‘मायरची तुतारी’ असे नाव पडले.

या नावाचा आणखी एक प्रवास सांगण्याजोगा आहे. कीव्ह येथे जन्मलेली गोल्डा माबोविच अमेरिकेत वाढली आणि विवाहानंतर गोल्डा मायरसन, म्हणजे मायरच्या मुलाच्या घराण्यातली, झाली. १९५६ मध्ये ती इस्राएलची परराष्ट्रमंत्री झाली, तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांनी तिला हिब्रू आडनाव घेण्याचा आग्रह केला. तिने जुन्याच्या सर्वांत जवळचे नाव निवडले : मेईर. रब्बींचे नाव शतकानुशतके जर्मन वेशात फिरून अशा रीतीने स्वगृही परतले. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी मात्र तिला ‘गोल्डा मेयर’ करून टाकले, अगदी आपण शहराचा मेयर लिहितो तसे.