गोंडवनातील एक मिशनरी : व्हेरिअर एल्विन

परमुलुखात गेलेल्या तरुण मिशनऱ्यांची चरित्रे वाचताना आपण सामान्यतः एकच हिशेब मांडतो : त्याने किती लोकांना ख्रिस्ती केले, आणि शाळा-दवाखाने किती काढले. हा हिशेब ज्यांना लागू पडत नाही अशांपैकी व्हेरिअर एल्विन हे एक होत. त्यांच्या हिंदुस्थानातील कार्याचा आरंभ पुण्यात झाला, म्हणून महाराष्ट्राने तरी त्यांचे स्मरण ठेवावयास हवे.

एल्विन यांचा जन्म १९०२ सालचा. वडील आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे बिशप होते. मुलाचे शिक्षण ऑक्सफर्डला झाले आणि तेथेच त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. भारतीय राहणीने राहून ख्रिस्ताची उपासना करावी, हा या संघाचा बाणा. पुढे साबरमतीस गांधीजींचा सहवास घडला आणि हा इंग्रज तरुण राष्ट्रीय चळवळीकडे ओढला गेला. गोंडांकडे कोणीच पाहत नाही, तेथे जा, असे जमनालाल बजाजांनी सुचवले. १९३२ च्या जानेवारीत एल्विन मैकल पर्वताच्या पायथ्याशी, त्या वेळच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी येऊन राहिले. सोबत संघातलेच एक मराठी ख्रिस्ती तरुण होते, शामराव हिवाळे.

वय एकोणतीस, मुलूख अनोळखी, लोकांची बोली अपरिचित, आणि भोवती हिवतापाचे रान. मातीच्या झोपड्या बांधून दोघांनी शाळा व औषधोपचार सुरू केले. पण खरी कसोटी रानात नव्हती. नागपूरच्या बिशपांची अपेक्षा अशी, की एल्विन यांनी सरकारशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी आणि गोंडांत धर्मप्रसार करावा. त्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. परिणामी धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना मिळाला नाही. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले असता, राजकारणात पडणार नाही असे लिहून दिल्यावाचून परत येऊ देणार नाही, अशी अट सरकारने घातली. हे वचन मात्र त्यांनी दिले. गांधीजींच्या अनुयायाला ते सोपे गेले नसेल. परंतु ते न देते, तर करंजियाची वाट कायमची बंद झाली असती. अखेर १९३५ साली त्यांनी चर्चचाही निरोप घेतला.

मग हातात उरले काय? ऐकणे. शेजारच्या बैगा लोकांची बेवर शेती, म्हणजे झाडोरा तोडून, जाळून त्या राखेत बी फेकण्याची रीत, सरकारला केवळ जंगलाची नासाडी वाटे. १८९० साली ती ‘बैगा चक’ नावाच्या टापूपुरती मर्यादित झाली होती. नांगराने धरतीमातेची छाती फाडणे हे पाप, ही बैगांची श्रद्धा एल्विन यांनी समजून घेतली आणि १९३९ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपावे, असा त्यांचा रोख होता. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली या विचारावर कडक टीका केली. आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, त्यांना वेगळे ठेवणे हिताचे नाही, असे त्यांचे म्हणणे. एल्विन यांनीही पुढे आपले मत पुष्कळ सौम्य केले. १९५४ साली ते नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले, तेव्हा त्यांच्या सल्ल्यामागे खेड्यांतून काढलेली वीसएक वर्षे होती. १९६४ साली ते वारले.

या वादात कोणाचा पक्ष खरा, हे ज्याने त्याने ठरवावे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यात आधी राहायचे, हा क्रम एल्विन यांनी सोडला नाही. त्या क्रमात शामरावांचा वाटा मोठा होता. गोंड लोक एल्विन यांना ‘बडे भाई’ आणि शामरावांना ‘छोटे भाई’ म्हणत. बड्या भावाचे नाव जगभर झाले. धाकट्याचे महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही. ही उणीव आपणच भरून काढली पाहिजे.