वेठ, उधारी आणि हसत दिलेलं

आजच्या भागाची सुरुवात एका शब्दापासून करूया. वेठ.

'शहर वेठीस धरलं' ही हेडलाइन आपण शंभर वेळा वाचलेली असते. 'वेठ मारणं' असाही वाक्प्रचार आहे, म्हणजे मन नसताना काम कसंतरी उरकणं. ऑफिसमधल्या भाषेत, पाट्या टाकणं. पण डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हा शब्द वाक्प्रचार नव्हता, रोजचं जगणं होतं. जमीनदाराचं बोलावणं आलं की वारली माणसानं स्वतःच्या शेतातलं काम टाकून त्याच्या शेतावर जायचं. मजुरी नाही. नाही म्हटलं तर मार. आणि लग्नासाठी कर्ज घेतलं तर ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनीही सावकाराकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. लग्नाचा आनंद एक दिवसाचा, आणि त्याचा हप्ता कधीकधी आयुष्यभराचा.

आजचा विषय आहे ख्रिस्ती धर्मातलं 'आनंदानं देणं'. मग मी वेठीबद्दल का बोलतोय? कारण या परंपरेतला देण्यावरचा सगळ्यात प्रसिद्ध मजकूर नेमका वेठीच्या विरुद्ध आहे.

चला, दोन हजार वर्षं मागे जाऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सम्राट क्लॉडियसच्या काळात, यहुदिया प्रांतात दुष्काळ पडला. यरुशलेमची छोटी ख्रिस्ती मंडळी गरीब होती. पुढे काही वर्षांनी पौल नावाच्या माणसानं तिच्यासाठी वर्गणी गोळा करायला घेतली. तो तंबू शिवून पोट भरायचा आणि गावोगाव फिरून शिकवायचा. वर्गणी मागितली ग्रीस आणि मॅसिडोनियातल्या लोकांकडे. जरा विचार करा, देणारे बहुतेक ग्रीक, घेणारे ज्यू. भाषा वेगळी, खाणं वेगळं, आणि आयुष्यात एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. आजच्या भाषेत हे क्राउडफंडिंगच, पण अनोळखी लोकांसाठी आणि समुद्रापार.

इथे एक गंमत झाली. करिंथ हे श्रीमंत बंदर. तिथल्या लोकांनी उत्साहानं 'हो' म्हटलं आणि मग रेंगाळले. मॅसिडोनियातले लोक मात्र स्वतःच अडचणीत होते, तरी त्यांनी मागे लागून सांगितलं की आम्हालाही यात वाटा द्या. मग पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं. तो त्यांना हुकूम सोडू शकला असता, पण त्यानं सोडला नाही. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: प्रत्येकानं मनात ठरवलं असेल तेवढंच द्यावं, कुढत देऊ नये, बळजबरीनंही देऊ नये, कारण देवाला खुशीनं देणारा आवडतो. 'खुशीनं' साठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द आहे 'हिलारोस'. इंग्रजीतला 'हिलॅरियस' याच घराण्यातला. म्हणजे देताना चेहऱ्यावर हसू असलेला माणूस.

आता पौलाचा हा निकष उचला आणि आपल्या भागात आणून लावा. दोन गोष्टी लगेच बाद होतात. पहिली वेठ, कारण तिच्यात बळजबरी आहे. दुसरी सावकारी, कारण तिच्यात देणारा हसतो खरा, पण हप्ता मोजत हसतो.

मग तिसरं काही इथे घडलं का? बघूया.

१७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावात आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन एक छोटा पंथ सुरू केला. छळ झाला म्हणून ते अमेरिकेत गेले. पुढे 'चर्च ऑफ द ब्रदरन' या नावानं ओळखले जाऊ लागले. बहुतेक शेतकरी. साधे कपडे, युद्धात भाग न घेण्याची शिकवण, आणि एक प्रथा अशी की प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुवायचे. १८९४ मध्ये या पंथाचे पहिले तीन मिशनरी मुंबईला उतरले आणि त्यांनी आपल्या शेजारच्या वलसाडला काम सुरू केलं.

पाचच वर्षांत, १८९९-१९०० मध्ये, छप्पनिया दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून 'छप्पनिया'. गुजरातमधल्या जुन्या घरांत हे नाव अजून निघतं. मिशनरी अनाथ मुलं सांभाळू लागले. तिकडे अमेरिकेत वेगवेगळ्या चर्चमधल्या सामान्य लोकांनी पैसे आणि धान्य जमवलं. १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघालं. त्याच काळात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावात पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुलींना मुक्ती सदनात आणत होत्या. तिथेही बराचसा खर्च दूरदेशीच्या अनोळखी लोकांनी पाठवलेल्या छोट्या-मोठ्या रकमांतून चालायचा.

दुष्काळ सरल्यावर ब्रदरन लोक दक्षिणेकडे सरकले. ॲडम आणि ॲलिस एबी या जोडप्यानं डहाणूत काम सुरू केलं. डॉक्टर बार्बरा निकी १९१५ मध्ये भारतात आल्या आणि पुढे डहाणूच्या मिशन दवाखान्यात त्यांनी बायका-मुलांवर उपचार करण्यात आयुष्याची अनेक वर्षं घालवली. तलासरीत जेझुइट फादरांनी ज्ञानमाता सदन उभारलं, शाळा आणि वसतिगृह चालवलं. डहाणू-तलासरीतल्या अनेक घरांतला पहिला शिकलेला माणूस अशाच एखाद्या वसतिगृहात राहून शिकलेला असतो.

आता अवघड प्रश्न. कमेंट्समध्ये तो येणारच, म्हणून मीच विचारतो. हे देणं खरंच मोकळं होतं का? की बदल्यात धर्म मागितला जात होता? मिशनरी धर्म सांगायलाच आले होते, हे तेही लपवत नव्हते. माझं मत सांगतो. औषधाच्या बाटलीला धर्माची अट चिकटली, तर तो व्यवहार झाला. आणि तो चुकीचा ठरवायला बाहेरच्या कुणाची गरज नाही, पौलाचं पत्रच पुरे आहे. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नसते. घेणाऱ्याच्या बाबतीतही आणि देणाऱ्याच्या बाबतीतही. त्यामुळे एखादं चर्च दशांशासाठी गरीब माणसाला भीती घालत असेल, 'दे, नाहीतर आशीर्वाद मिळणार नाही' म्हणत असेल, तर तीसुद्धा वेठच.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. दवाखाना होता, शाळा होती, मग वेठ थांबली का? नाही. ती थांबवायला वारल्यांनाच उभं राहावं लागलं. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथे होते. ठरलं ते असं: फुकट राबायचं नाही, दिवसाला १२ आणे मजुरी हवी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड हुतात्मा झाले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याचीच गोष्ट सांगतं.

काही जण म्हणतील, लाल बावट्याचा ख्रिस्ती दानाशी काय संबंध? संबंध आहे. हक्काची मजुरी दाबून ठेवायची आणि सणाला धोतर वाटायचं, याला दान म्हणत नाहीत. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज श्रीमंतांना हेच सुनावत होता: तुम्ही गरिबाला स्वतःचं देत नाही, त्याचंच त्याला परत करता. आधी देणं लागतो ते चुकवायचं. खुशीनं देणं त्यानंतर सुरू होतं.

आणि या खुशीचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला त्याच ब्रदरन पंथात सापडलं, पण भारताबाहेर. डॅन वेस्ट नावाचा शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात भुकेल्या मुलांना दूध वाटत होता. दूध संपायचं, रांग संपायची नाही. त्याच्या मनात आलं, पेलाभर दूध देण्यापेक्षा गायच का देऊ नये? १९४४ मध्ये १७ कालवडी जहाजानं पोर्टो रिकोला पोहोचल्या. अट एकच: गायीला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. हीच संस्था आज 'हेफर इंटरनॅशनल' म्हणून ओळखली जाते.

इथेही अट आहेच, नाही का? पण ती कुठे नेते ते बघा. सावकाराच्या अटीत सगळं सावकाराकडे परत जातं. इथे काहीच मागे येत नाही, सगळं पुढे जातं. काल ज्यानं हात पसरला, तो आज शेजाऱ्याच्या गोठ्यात कालवड बांधून येतो. ताठ मानेनं.

दान घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवलं, तर त्याच्या वाट्याला फक्त उपकार येतात. देण्यातली मजा त्याला कधी मिळतच नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी हे १९१० मध्येच ओळखलं होतं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला एक मूठ बाजूला काढायचा, आणि तो चर्चच्या कामासाठी द्यायचा. ही पद्धत आजही चालू आहे. एक मूठ तांदूळ गरिबाच्या घरातूनही निघतो. म्हणजे त्या गावात कुणीच नुसता घेणारा उरत नाही.

१९७० मध्ये भारतातल्या ब्रदरन मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. अमेरिकेतून आलेले एकेक करून परत गेले. पण डहाणू-तलासरीतल्या चर्चमध्ये आजही रविवारी अर्पणाची थैली फिरते, आणि तिच्यात पैसे टाकणारे हात इथल्याच लोकांचे असतात. ज्यांच्या पणज्याला वेठीला नेलं जायचं, त्यांचे. माझ्या दृष्टीनं या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. कारण द्यायला आधी काहीतरी आपलं असावं लागतं, आणि नाही म्हणायची मोकळीकही असावी लागते.

आपल्या पिढीचं बरंचसं देणं आता ऑटो-डेबिटवर आहे. महिन्याच्या पाच तारखेला मेसेज येतो, आपण स्वाइप करून घालवतो. वाईट काहीच नाही, संस्थांना नियमित पैसा लागतोच. फक्त पुढच्या वेळी मेसेज आला की क्षणभर थांबून बघा, चेहऱ्यावर काय उमटतंय. हिलारोस, की वेठ?

तुमच्या गावात, तुमच्या घरात अशी 'पुढे देण्याची' काही रीत असेल, कुठल्याही धर्मातली, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!