माहेरच्या घरातली सावित्री



किल्ले आणि राजवाडे जपलेले आपण पाहतो. पण गावातलं घर, तेही लेकीच्या नावानं जपलेलं, असं कितीदा दिसतं? आपल्या सातारा जिल्ह्यात असं एक घर आहे. सांगली-कराडकडून पुण्याला जाताना खंडाळा तालुक्यात महामार्ग सोडून आत गेलं की नायगाव लागतं. ३ जानेवारी १८३१ रोजी इथं खंडोजी आणि लक्ष्मीबाई नेवसे यांच्या पोटी सावित्रीबाई जन्मल्या. ते घर आज स्मारक म्हणून जपलं आहे.

१८४० मध्ये, नवव्या वर्षी, जोतीराव फुल्यांशी त्यांचं लग्न झालं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथं शिकवू लागल्या. अंगावर शेण-दगड झेलल्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. माहेरची गोष्ट मात्र फार जणींना ठाऊक नसते.

१८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या. भावानं मनापासून सेवा केली. पण तोच भाऊ म्हणाला, महारा-मांगांसाठी राबणं सोडा, जातीच्या रिवाजानं वागा. सावित्रीबाईंनी त्याला विचारलं, गायी-शेळ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा विटाळ कसा होतो? आणि सोवळ्यातले लोक तुला तरी शिवून घेतात का? भाऊ ओशाळला. हे सारं त्यांनी जोतीरावांना पत्रात कळवलं.

१८६८ च्या पत्रात नायगावचाच प्रसंग आहे. ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली मुलगी यांचं प्रेम जमलं, मुलीला दिवस गेले. गाव दोघांना मारायला निघालं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले.

मैत्रिणींनो, परक्यांशी भांडता येतं. आजारपणात उशाशी बसणाऱ्या भावाला त्याची चूक दाखवणं अवघड. नातं तुटेल, माहेर तुटेल, या भीतीनं आपण कितीदा गप्प बसतो! सावित्रीबाईंनी भावाची माया मान्य केली, पण त्याची चूक मान्य केली नाही.

३ जानेवारीला नायगावात गर्दी असते. एरवीही बचत गटानं एकदा जावं. त्या घरात घटकाभर बसावं आणि एकमेकींना विचारावं, माहेरी बोलायची आपली कोणती गोष्ट राहून गेली आहे?