देशपांडे, सुलभा
देशपांडे, सुलभा : (२१ फेब्रुवारी १९३७ – ४ जून २०१६). मराठी-हिंदी रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील चरित्र अभिनेत्री. माहेरचे आडनाव कामेरकर. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या विजय तेंडुलकरांच्या नाटकातील लीला बेणारे ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. सत्यदेव दुबे यांच्या या नाटकावरील १९७१ च्या चित्रपटातही ती त्यांनीच केली. त्याच वर्षी पती अरविंद देशपांडे यांच्यासह त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली. छबिलदास शाळेतील प्रायोगिक नाट्यचळवळ या संस्थेतूनच बहरली. संस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागासाठी दुर्गा झाली गौरी सारखी नाटके त्यांनी घडवली.

पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुधा आई वा सासूच आली: भूमिका (१९७७) मधील परिस्थितीने कडवट झालेली आई, चौकट राजा (१९९१) मधील मतिमंद मुलाची आई, इंग्लिश विंग्लिश (२०१२) मधील समंजस सासू. चौकट राजा मधली आई रडवेपणा टाळते, हे त्या अभिनयाचे मोठेपण. दूरचित्रवाणी मालिकांतूनही त्या घरोघरी पोचल्या. बेणारेच्या ताकदीची भूमिका मात्र छोट्या वा मोठ्या पडद्याने त्यांना पुन्हा दिली नाही. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९८७ मध्ये मिळाला.