‘मारुत’ विमान आणि ध्वनीपलीकडील वेग

जुनीं दप्तरें चाळणारांस विमानाचा आराखडा परका वाटूं नये. कर्त्याचा हेतु आणि प्रत्यक्ष घडलेली वस्तु यांतील अंतर त्यावरूनहि कळतें. बंगळूर येथें घडलेल्या ‘एच्. एफ्. 24 मारुत’ या लढाऊ विमानाविषयीं दोन मतें ऐकूं येतात : तें ध्वनीहून जलद होतें, व तें तसें कधींच नव्हतें. आम्हांस दोन्हीं अपुरीं वाटतात.

मूळ जर्मनींत आहे. मागें कललेल्या पंखांनीं ध्वनीपलीकडील वेग साधेल, ही कल्पना बुझेमान यांनीं 1935 सालीं रोमच्या परिषदेंत मांडली. त्याच सुमारास आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील हसूरचंपू गांवचे विष्णु माधव घाटगे गटिंगेन येथें प्रांटल यांच्या हाताखालीं शिकत होते. कुर्ट टांक यांचें ‘टा 183’ युद्धाच्या अखेरीस कागदावरच राहिलें. अर्जेंटिनांत 1950 सालीं उडालेलें त्यांचें ‘पुल्की 2’ हेंहि ध्वनीच्या अलीकडेच थांबलें. 1956 सालीं टांक बंगळुरास आले. घाटग्यांचें ‘एच्. टी. 2’ त्याच कारखान्यांतून 1951 सालींच उडालें होतें.

हवाई दलाची मागणी ध्वनीच्या दुप्पट वेगाची होती. 1959 सालीं लांकडी नमुना इंजिनावांचून हवेंत तरंगवून पाहिला. 17 जून 1961 रोजीं ‘मारुत’ उडालें. कमरेशीं आवळलेला त्याचा सांगाडा पाहतां कर्त्याचा हेतु स्पष्ट दिसतो. पण ज्या ‘ऑर्फियस 12’ इंजिनांवर भिस्त होती, त्यांचा रेटा प्रत्येकीं सुमारें 3700 किलो व्हावयाचा होता; तें काम खर्चाअभावीं सुटलें, व सुमारें 2200 किलोंचें ‘ऑर्फियस 703’ बसवावें लागलें. विमान ध्वनीच्या उंबरठ्यावरच अडलें. इजिप्तच्या ‘ई-300’ इंजिनाची आशाहि फळली नाहीं.

तथापि सर्व दोष इंजिनावर टाकणेंहि बरोबर नाहीं. निघत्या वायूंत पुन्हां इंधन जाळून रेटा वाढविण्याचा प्रयोग झाला, तेव्हां शेपटीकडील भाग रुंद करावा लागला आणि हवेचा अडथळा वाढला. याच प्रयोगाच्या विमानांत 10 जानेवारी 1970 रोजीं चाचणी-वैमानिक सुरंजन दास यांचा अंत झाला. म्हणून आमचा निर्णय असा कीं, आकृति ध्वनीपलीकडील वेगास योग्य होती, दुप्पट वेगास ती पुरती का हें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. एकंदर 147 विमानें झालीं. 1971 च्या युद्धांत लोंगेवाला येथें त्यांनीं जमिनीवरील माऱ्याचें काम उत्तम केलें.

सातारा-सांगलीकडून अनेक तरुण बंगळुरास कामाला गेले. कोणा संग्राहकाच्या रुमालांत त्यांचीं पत्रें वा टांचणवह्या आढळल्यास नकला मंडळाकडे पाठवाव्या.