मुद्रणातील वर्ख आणि बेगड : कागदावर सोनेरी धातू चढविण्याच्या रीतींचा इतिहास

१

चकाकणाऱ्या धातूच्या पातळ पापुद्र्यासाठी मराठीने दोन निरनिराळे शब्द राखून ठेवले आहेत. वर्ख म्हणजे सोन्याचा वा चांदीचा कुटून केलेला पापुद्रा. तो देवमूर्तीवर चढतो, मिठाईवर बसतो, औषधी मात्रेवरही लागतो. बेगड म्हणजे हलक्या धातूचा रंगीत, चकचकीत पत्रा. तो मखराला, ताबुताला आणि बाहुलीच्या दागिन्यांना शोभा देतो. यापैकी दुसऱ्या शब्दापासून झालेले 'बेगडी' हे विशेषण तर खोटेपणाचेच वाचक होऊन बसले आहे. आज छापखान्यात कागदावर जो सोनेरी पापुद्रा उमटविला जातो, त्याला छापखान्यातील मंडळी 'फॉइल' म्हणतात. द्रव्याच्या दृष्टीने पाहता तो निव्वळ बेगड आहे, कारण त्यात बहुधा सोन्याचा अंशही नसतो. परंतु कागदावर बसण्याच्या रीतीने पाहता तो वर्खाचा थेट वंशज ठरतो. ही द्विविध कुळी कशी निर्माण झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुद्रणाचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः अक्षरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. गोव्यात १५५६ साली आलेला छापखाना, देवनागरी खिळ्यांची घडण, शिळाप्रेसवरील पोथ्या आणि पंचांगे, मिशनऱ्यांचे व पाठ्यपुस्तकांचे मुद्रण हे त्याचे परिचित टप्पे होत. अ. का. प्रियोळकरांच्या १९५८ सालच्या इंग्रजी ग्रंथाने या अभ्यासाला भक्कम पाया घालून दिला, आणि त्या पायावर अक्षरविषयक संशोधन उभे राहिले हे योग्यच झाले. तथापि मुद्रित वस्तू केवळ वाचली जात नाही. ती हाती धरली जाते, भेट दिली जाते, देवापुढे ठेवली जाते. तिच्या पृष्ठभागावर झालेले संस्कार हाही इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो आपण फारसा तपासलेला नाही.

२

सोने कागदावर आणताना दोन अडचणी येतात. पहिली अशी की, सोने शाईसारखे वाहत नाही. दुसरी अशी की, ते स्वतःहून कागदाला चिकटत नाही. सोन्याचा वर्ख साधारणपणे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ असतो. एक ग्रॅम सोने इतके कुटले, तर सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकली जाते. इतका तलम पापुद्रा श्वासानेही उडतो. तेव्हा त्याला हव्या त्या जागी धरून ठेवणे आणि नको त्या जागेवरून काढून टाकणे, या दोन क्रियांभोवतीच या तंत्राचा सारा इतिहास फिरत राहिला.

हस्तलिखितांच्या काळात या प्रश्नाचे एक उत्तर तयार होते. चित्रकार प्रथम गोंदाने, सरसाने किंवा तत्सम चिकाने आकृती काढी, तिच्यावर वर्ख ठेवी, आणि चीक सुकल्यावर उरलेला वर्ख कुंचल्याने झाडून टाकी. चिकाची रेषा जेथे होती तेथे सोने राही. इराणी व मोगल ग्रंथशाळांत सोन्याची पूड गोंदात मिसळून तिची शाई करण्याची रीतही होती. सोन्याचे कण शिंपडलेला जरअफशान कागद तर मोगल व त्यानंतरच्या देशी दरबारांच्या खलित्यांना लागे. या रीतीला आपण सोयीसाठी 'चिकाची परंपरा' म्हणू.

दुसरे उत्तर पुस्तकबांधणीकारांचे. चामड्यावर अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप द्यावयाचा, त्यावर वर्ख ठेवावयाचा आणि तापविलेला पितळी ठसा दाबावयाचा. उष्णतेने लेप घट्ट होतो आणि ठशाखालचा वर्ख तेवढा धरून ठेवतो. उरलेला वर्ख पुसून काढतात. पुसलेले सोनेही वाया घालवीत नसत. ते फडक्यात किंवा रबरात गोळा करून गाळणाऱ्याकडे पाठवीत. ही कला इस्लामी देशांतील बांधणीकारांकडून पंधराव्या शतकात इटलीत आली, आणि व्हेनिस हे तिचे एक प्रमुख केंद्र झाले. हिला 'उष्णतेची परंपरा' म्हणता येईल.

३

मुद्रक आणि सोने यांची पहिली स्मरणीय गाठ पडली ती याच व्हेनिसमध्ये. आउग्सबुर्गहून आलेला एरहार्ड राटडोल्ट हा मुद्रक १४८२ साली युक्लिडची 'मूलतत्त्वे' छापीत होता. भूमितीच्या आकृत्या मजकुराशेजारी छापण्याचा अवघड प्रश्न सोडविल्याबद्दल हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याच्या काही मोजक्या प्रतींत व्हेनिसचा अधिपती जोव्हानी मोचेनिगो याला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका सोनेरी अक्षरांत छापलेली आहे. या छपाईचे नाते आधुनिक अभ्यासकांनी बांधणीकारांच्या तापल्या ठशाशी जोडले आहे. राटडोल्ट ज्या नगरात काम करीत होता तेथेच ही बांधणीकला रुजत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मतातील संगती पटते.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. राटडोल्टचे सोने सर्व प्रतींवर नाही. मुद्रणाचे वैशिष्ट्य म्हणजे सर्व प्रती सारख्या असणे. सोन्याने नेमका हा सारखेपणा मोडला. एकाच आवृत्तीत राजाची प्रत आणि विद्यार्थ्याची प्रत निराळी झाली. पुढील साडेतीन शतके मुद्रणातील सोन्याचे कार्य बहुतांशी हेच राहिले. १८१६ साली लंडनचा जॉन व्हिटेकर याने मॅग्ना कार्टा ही प्रसिद्ध सनद सोनेरी अक्षरांत काढली, तीही अशाच थोर ग्राहकांसाठी. हा व्हिटेकर मुळात बांधणीकार होता, ही गोष्ट उष्णतेच्या परंपरेचे सातत्य दाखविते.

४

एकोणिसाव्या शतकात दोन्ही परंपरांना यंत्रयुगाचा स्पर्श झाला. १८२० नंतर लंडनमध्ये पुस्तकांच्या बांधणीला चामड्याऐवजी खळ दिलेले कापड वापरण्यास प्रारंभ झाला. १८३२ च्या सुमारास या कापडावर सोनेरी ठसा दाबण्याची युक्ती साधली. आता बांधणीकाराला एकेक पितळी ठसा हाताने दाबावा लागेना. संपूर्ण मुखपृष्ठाचा एक ठोकळा कोरावा, तो यंत्रात तापता ठेवावा आणि एका दाबात नक्षी उमटवावी, असे शक्य झाले. प्रकाशकाने सबंध आवृत्ती एकाच बांधणीत विकावी ही आजची सर्वपरिचित प्रथा या घडामोडींतून स्थिरावली. सोने प्रथमच सर्व प्रतींवर सारखे आले.

चिकाच्या परंपरेला मात्र निराळे वळण लागले. मुद्रक चिकट रोगणाची अक्षरे छापी, आणि ती ओली असतानाच कापसाच्या वा लोकरीच्या बोळ्याने त्यांवर सोनेरी भुकटी फिरविली जाई. ही भुकटी सोन्याची नव्हती. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे एका प्रकारच्या पितळेची होती. १८३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणसमारंभाच्या निमित्ताने लंडनच्या 'द सन' या वृत्तपत्राचा अंक सोनेरी अक्षरांत निघाला. वृत्तपत्र सोनेरी निघू शकते, ही घटना चमकीच्या सामाजिक प्रवासातील मोठा टप्पा होय. पुढे फळांच्या व तंबाखूच्या डब्यांवरील लेबले, शुभेच्छापत्रे, धार्मिक चित्रे या साऱ्यांवर ही भुकटी पसरली. तिची किंमत कामगारांच्या श्वासाने मोजली गेली. पितळेची बारीक भुकटी हवेत तरंगे, नाकातोंडात जाई, कपड्यांत मुरे. सोनेरी शुभेच्छापत्राच्या इतिहासात या कामगारांची नावे कोठेही आढळत नाहीत.

याच काळात आपल्याकडे काय घडत होते, याचे एक उदाहरण बोलके आहे. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे गेला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. त्यांपैकी कित्येक चित्रांवर देवतेच्या लुगड्याला जर, कापड आणि टिकल्या चिकटवून ती अधिक शोभिवंत केलेली आढळतात. छापखान्याने जे दिले नाही ते हाताने पुरे केले गेले. देवप्रतिमेला चकाकी हवी, ही अपेक्षा यंत्राहून जुनी होती, आणि यंत्राला पुढे तिच्यापर्यंत यावे लागले.

५

आजच्या अर्थाने फॉइल जन्मली ती वर्खाला पाठीराखा मिळाला तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनचा बांधणीकार अर्न्स्ट ओझर याने या दिशेने केलेले प्रयत्न मुद्रणेतिहासात मूलभूत मानले जातात. कल्पना अशी की, धातूचा थर एका पट्टीवर आधीच चढवून ठेवावा आणि तापल्या ठशाच्या दाबाने तो त्या पट्टीवरून कागदावर उतरावा. सुटा वर्ख फुंकरीने उडे; पट्टीवरचा वर्ख गुंडाळता येतो, यंत्रात ओवता येतो.

यानंतर द्रव्य बदलले. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडली आणि हा पूर्वी दुर्मिळ असलेला धातू स्वस्त झाला. विसाव्या शतकात निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती पातळ पट्टीवर बसविण्याचे तंत्र व्यापारी उपयोगात आले. आजच्या गरम फॉइलमध्ये एकावर एक असे पाच थर असतात : पॉलिएस्टरची वाहक पट्टी, उष्णतेने सुटणारा मेणासारखा थर, रंगीत पारदर्शक लाखेचा थर, ॲल्युमिनियमचा थर आणि शेवटी उष्णतेने चिकटणारा थर. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून काहीसा अधिक तापलेला ठसा दाबला की वरचा थर सुटतो आणि खालचा चिकटतो. सोनेरी दिसणाऱ्या फॉइलमध्ये सोन्याचा भास उत्पन्न करते ती पिवळी लाख; चकाकी ॲल्युमिनियमची असते. तीच पट्टी लाल लाखेने लाल होते, लाखेवाचून रुपेरी दिसते.

महाराष्ट्रातील लहान छापखान्यांत या तंत्राने एका जुन्या यंत्राला नवे आयुष्य दिले. ऑफसेट मुद्रण सर्वत्र पसरल्यावर शिशाचे खिळे मोडीत गेले, खिळेजुळाऱ्यांचा व्यवसाय संपला. परंतु ट्रेडल यंत्र अनेक ठिकाणी टिकले, कारण त्याची सपाट दाब देण्याची शक्ती ठसा उमटविण्यास आणि पुठ्ठा कापण्यास उपयोगी होती. खिळ्यांच्या चौकटीच्या जागी तापती पाटी आली, तीवर धातूचा ठसा आला, आणि लग्नपत्रिकेवरचा गणपती सोनेरी झाला. या कामात कौशल्य लागते ते जुळणीचे. कागद एकदा ऑफसेटवर छापून येतो आणि हवेतील दमटपणाने किंचित वाढतो वा आकसतो. ज्या दोन कडा पहिल्या यंत्रात टेकविल्या त्याच दुसऱ्या यंत्रात टेकविल्या नाहीत, तर सोने अक्षराच्या बाहेर सांडते.

६

अखेरचा टप्पा शीत-फॉइलचा. लेबलांच्या अरुंद पट्ट्यांवर हे तंत्र आधी रुळले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुट्या कागदांच्या ऑफसेट यंत्रांतही आले. येथे तापता ठसा नाही. यंत्राच्या पहिल्या विभागात साध्या ऑफसेट पाटीने चीक छापला जातो. दुसऱ्या विभागात फॉइलची पट्टी रबरी आवरणाचा रूळ आणि दाबाचा रूळ यांमधून कागदाबरोबर दाबली जाते. जेथे चीक आहे तेथे धातू कागदावर राहतो. बाकीचा पट्टीबरोबर परत गुंडाळला जातो. पुढील विभागांत त्या धातूवर नेहमीचे चार रंग छापता येतात, आणि एकाच रुपेरी पट्टीतून अनेक धातुरंग निर्माण होतात. बारीक रेषा आणि ठिपक्यांच्या छटाही साधतात. याच्या मर्यादाही आहेत. खरबरीत कागद चीक पिऊन टाकतो, तेव्हा गुळगुळीत लेपाचा कागद लागतो. गरम ठशाची खोलगट, भरीव चकाकी येथे सहसा मिळत नाही. नक्षी लहान असली तरी पट्टी मात्र बरीच खर्ची पडते.

या तंत्राला सर्वस्वी नवे म्हटले जाते. यंत्राच्या दृष्टीने ते नवे आहेच. परंतु त्यातील क्रियांचा क्रम पाहा : प्रथम चिकाने आकृती काढावयाची, मग तीवर धातू ठेवावयाचा, शेवटी उरलेला धातू काढून घ्यावयाचा. हा क्रम पोथी रंगविणाऱ्या चित्रकाराचा आहे. राटडोल्टपासून गरम फॉइलपर्यंत जी उष्णतेची परंपरा वरचढ राहिली, तिला बाजूला सारून चिकाची परंपरा येथे पुन्हा मुद्रणात स्थिरावली, असे म्हणावे लागते. तंत्राचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो हे गृहीतक अशा ठिकाणी तपासून घ्यावे लागते.

७

या विवेचनाचा इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष उपयोग आहे. एखादे कालनिर्देशविरहित मुखपृष्ठ, पत्रिका वा देवचित्र हाती आले, तर त्यावरील सोनेरी भाग भिंगातून पाहावा. अस्सल वर्ख काळवंडत नाही, आणि मोठ्या जागेत त्याच्या दोन पापुद्र्यांचा सांधा दिसू शकतो. पितळी भुकटी कणाकणांची दिसते आणि काळाने तपकिरी वा हिरवट पडते. गरम फॉइलखाली कागद दबलेला असतो. मागील बाजूस बोट फिरविले तरी ते बहुधा कळते. शीत-फॉइलखाली दाबाचा खळगा नसतो, आणि तिच्यावरून रंगांचे ठिपके गेलेले आढळू शकतात. पुस्तकाच्या मजकुराचे साल आणि बांधणीचे साल यांत पुष्कळदा अंतर असते. ते अंतर अशा खुणांनीच उघड होते.

दुर्दैवाने हा पुरावा आपल्या ग्रंथालयांत सर्वांत आधी नष्ट होतो. पुस्तक जीर्ण झाले की मूळ मुखपृष्ठ काढून टाकून नवी बांधणी केली जाते. मजकूर वाचतो, पण पृष्ठभाग जातो. लग्नपत्रिका, लेबले आणि दिनदर्शिका यांचा तर संग्रहच बहुधा होत नाही. मूळ आवरण पुस्तकाबरोबर जपून ठेवणे आणि ग्रंथसूचीत सोनेरी कामाची रीत एका ओळीने नोंदविणे, एवढे केले तरी पुढील अभ्यासकांना मोठे साहाय्य होईल. राजाच्या अर्पणपत्रिकेवरचे सोने जपले गेले. गल्लीतील ट्रेडलवर उमटलेला गणपती बेगडी असेल, तथापि तो छापणाऱ्या हातांचा तोच एक लेख शिल्लक आहे.